वाटीवरचा स्क्रू

केळवाडी, ता. म्हसळा
९ सप्टेंबर २०२४

आदरणीय महिपत काका यांस,
मैत्रीचा सविनय जय भीम.

जेटीवरून घसरून तुमच्या मांडीचं हाड मोडल्याचं पूनमवहिनीने कळवलं, तेव्हाच रेवदंड्याला येणार होते. पण इथे गिरणीने मला खुंटीला बांधून ठेवलं आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले तर बाबांना ऐकू जातं. म्हणून हे पत्र. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. 'चाळीस वर्षं हे इंजिन चालवतोय, आता दादाला विचारायला लागलात व्हय?' असं म्हणतील.

तुम्ही मासेमारीच्या होडीतून काढून आमच्या भातगिरणीला बसवलेलं इंजिन महिनाभर आम्हाला वेड लावतं आहे. सकाळी बाबा हातपंप मारतात, हँडल फिरवतात, आणि ते पहिल्या फटक्यात सुरू होतं. थोडा वेळ अगदी शहाण्यासारखं चालतं. मग आवाज वर-खाली होतो, धापा टाकतं आणि भरडणीच्या ऐन मध्यात बंद पडतं. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून पंप मारला की नुसता फेस. फेस संपला की पुन्हा चालू. बरं, हे रोज होत नाही. एखादा दिवस ते दिवसभर गाणं म्हणतं, दुसऱ्या दिवशी सारखं मरतं. म्हसळ्याचा मिस्त्री 'एअर घेतंय' म्हणाला आणि फिल्टर बदलून गेला. हवा आत शिरते तर तिथूनच डिझेल बाहेर का येत नाही? मी सगळे सांधे चिंधीने पुसून पाहिले. चिंधी कोरडीच.

दीपेशदादाने सांगून ठेवलं आहे, दिवाळीत नवं भात येईपर्यंत हे धड चाललं नाही तर भंगारात घालायचं आणि विजेची मोटर बसवायची. त्याचंही चुकत नाही. ठमीआजी डोक्यावर बोचकं घेऊन येते, 'आज तरी भरडून मिळंल काय गं?' म्हणते आणि तशीच परत जाते. पण बाबांचं म्हणणं, 'इंजिन गेलं तर मी गिरणीत पाय ठेवणार न्हाय.' आई गेल्यापासून बाबांना सकाळी उठवतं ते हे इंजिन. ते गेलं तर बाबा उठून जाणार कुठे, या विचारानेच मला धडकी भरते. काहीतरी सुचवा.

तुमची,
मैत्री

---

रेवदंडा
१४ सप्टेंबर २०२४

चि. मैत्री हिस,
काकाचा जय भीम.

पाय खाटेवर आहे, जीभ जागेवर आहे. डॉक्टरने दिवाळीपर्यंत एसटीचं तोंड बघायचं नाही अशी तंबी दिली आहे. तेव्हा मी उंटावरून शेळ्या हाकतो, तू त्या गोळा कर.

बापाला सांगितलं नाहीस ते बरं केलंस. धर्मांतराच्या आधीचा मी, नंतरचा तो. म्हणून चांगलं नाव त्याला मिळालं आणि अक्कल माझ्याकडे राहिली. हे त्याला वाचून दाखवू नकोस.

आता तुझा प्रश्न. तुमची टाकी जमिनीवर आणि इंजिन वर. होडीत टाकी खालीच असते, मी तिथेही तशीच ठेवली. डिझेल टाकीतून आधी काचेच्या वाटीत येतं, तिथे पाणी तळाला बसतं. वाटीतून ते पंपात जातं. पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, पंपाच्या पुढे ढकललं जातं. शहाळ्यात नळी घालून पितेस ना? नळीला मध्येच चीर असली तर पाणी बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते. तसंच हे. ढकलायच्या बाजूला फट असली की डिझेल गळतं, फरशीवर डाग पडतो, आंधळ्यालाही सापडतो. ओढायच्या बाजूची फट गळत नाही. गळणारी फट प्रामाणिक, न गळणारी लबाड. तुझी चिंधी कोरडी आहे, म्हणजे आपली गाठ लबाडाशी आहे.

एक डबा घे, डिझेल भर, खुंटीला उंच टांग आणि त्याची नळी सरळ पंपाला जोड. टाकी आणि वाटी दोघींना सुट्टी. दिवसभर इंजिन बंद पडलं नाही तर दोष टाकीपासून पंपापर्यंत. मग मधली नळी, तिच्या पट्ट्या आणि सांध्यांतले तांब्याचे वॉशर बदल. एका वेळी एकच काम कर, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही.

रत्नूला, म्हणजे तुझ्या बापाला, रोज वाटीतलं पाणी काढायची आठवण दे. होडीवरची शिस्त आहे ती, मीच त्याला लावली. वरचा स्क्रू उघड, खालची तोटी उघड, पाणी सोड, दोन्ही बंद कर, मग चहा. पावसाळ्यात टाकीत पाणी हमखास शिरतं.

तुझा काका,
महिपत

---

केळवाडी
२४ सप्टेंबर २०२४

आदरणीय काका,
सविनय जय भीम.

डबा टांगला आणि इंजिन दिवसभर चाललं! ठमीआजीचं भात भरडून झालं, तिने कोंडासुद्धा नेला. दीपेशदादा दारात उभा राहून बघत होता.

मग तुम्ही सांगितलंत तसं एकेक केलं. नळी बदलली, पट्ट्या बदलल्या, वॉशर बदलले. दोन दिवस सुरळीत चाललं आणि पुन्हा तेच. धापा, फेस, बंद. मग परवा आपोआप बरं झालं, काल पुन्हा बिघडलं. काका, लोखंडाला लहर असते का? फट एकतर असेल नाहीतर नसेल. सोमवारी असते आणि मंगळवारी नसते, ही कसली फट?

त्यात बाबांचा राग. नळी बदलताना ते स्वतः पाना घेऊन माझ्या शेजारी बसले होते. संध्याकाळी मात्र मला विचारतात, 'ही नवी नळी कोणी घातली? माझ्या इंजिनाला हात कोणी लावला?' मला न विचारता काम काढलंस, असं टोचून सांगत असतील.

पाणी काढायची आठवण द्यायची गरजच नाही. ते कधी कधी चहा झाल्यावर पुन्हा एकदा जाऊन काढतात, इतकी काळजी घेतात. एवढं जपूनही इंजिनाने त्यांची लाज काढावी, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमची,
मैत्री

---

केळवाडी
२७ सप्टेंबर

ति. दादास,
रत्नपालचा जय भीम.

तुझा पाय बरा असेल. इकडे पाऊस अजून आहे, भात लोंबीत आलं आहे. एक गोष्ट तुलाच सांगतो, पोरांना कळवू नकोस. काल वाटीवरचा स्क्रू ढिला सापडला. मी ढिला केला नाही. सकाळी पाणी काढून मी दोन्ही बंद केले होते. घरातलंच कोणीतरी माझ्या इंजिनाला हात लावतं. कोण ते तू ओळख, तुला इंजिनातलं कळतं. मी आता दिवसभर इंजिनापाशीच बसून असतो.

तुझा,
रत्नू

---

रेवदंडा
३ ऑक्टोबर २०२४

चि. मैत्री,
जय भीम.

तुझं पत्र वाचून मी बुचकळ्यात पडलो होतो. आता मला इंजिनाची नाही, माणसांची शंका येते आहे. कुठून कळलं ते विचारू नकोस. लोखंडाला लहर नसते. माणसाला असते.

दोन कामं कर. वाटी आणि पंप यांच्यामध्ये आरपार दिसणारी प्लास्टिकची नळी घाल. वाटीच्या आधीही तसाच एक तुकडा घाल. बुडबुडे आधीच्या तुकड्यात दिसले तर दोष टाकीकडे, फक्त नंतरच्यात दिसले तर वाटीतच.

दुसरं काम गुपचूप करायचं. तुझी नखं रंगवायची बाटली घे आणि प्रत्येक स्क्रूवर, प्रत्येक नटावर एक बारीक रेघ ओढ. अर्धी रेघ स्क्रूवर, अर्धी त्याखालच्या लोखंडावर. कोणी तो जरा जरी फिरवला तर रेघ तुटेल. वाटीवरचे दोन्ही तेवढे रत्नूचं पाणी काढून झाल्यावर रोज नव्याने रंगव. त्यानंतर त्यांना हात लावायचं कोणालाच काही कारण नाही.

आणि दीपेशवर लक्ष ठेव. मला हे लिहितानाही बरं वाटत नाही. तो मला मुलासारखा आहे. पण ज्याला मोटर हवी आहे, त्याला इंजिन बंदच पडायला हवं आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. ओरडू नकोस, नुसतं बघ.

महिपत काका

---

केळवाडी
१६ ऑक्टोबर २०२४

आदरणीय काका,
सविनय जय भीम.

मी ओरडले. तुम्ही नको म्हणालात तरी ओरडले.

आरपार नळीत सगळं स्वच्छ दिसलं. वाटीच्या आधी डिझेल बुडबुड्याविना, वाटीच्या नंतर मण्यांची माळ. म्हणजे वाटीच. तिचं रबर बदललं, तरी तेच. आणि रंगवलेल्या रेघांपैकी बाकी सगळ्या शाबूत, वाटीवरच्या वरच्या स्क्रूची तेवढी तुटलेली. दादा तेव्हा टेम्पो धूत होता. मी त्याला सगळ्या आळीसमोर विचारलं, 'बाबांना गिरणीतून उठवायला तू या थराला गेलास?' तो आधी हसला. मग त्याला कळलं की मी खरंच विचारते आहे. 'तुला मी असा वाटलो काय?' एवढंच बोलला आणि कपडे पिशवीत भरून हरिहरेश्वरला गेला. तिथे मित्राकडे पर्यटकांची गाडी चालवतो आहे.

त्यानंतर अशोक विजयादशमी आली. बाबा सकाळीच पांढरे कपडे घालून विहारात गेले, गिरणी मी चालवली. पाणी मी काढलं, इंजिन मी सुरू केलं. दिवसभर एक बुडबुडा नाही. मला वाटलं, सुटलं सगळं. दादा नाही तर खोडीही नाही.

आणि काल रेघ पुन्हा तुटली. दादा तिकडे हरिहरेश्वरला आणि रेघ इथे तुटलेली. घरात मी आणि बाबा. मी हात लावला नाही. बाबा तर पहाऱ्यावरच बसलेले असतात, त्यांच्या नाकासमोरून कोण जाणार? मी विचारलं तर म्हणाले, 'मी बंद केलाय. तुला काय कळतंय?' आणि तोंड फिरवून बसले.

माझं डोकं चालत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली का मी? मग चोर कोण? तुम्हाला काही ठाऊक असेल तर सांगा. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही, पण आता मला त्या गिरणीत एकटीने जायला भीती वाटते.

मैत्री

---

केळवाडी
१८ ऑक्टोबर

ति. दादास,
रत्नपालचा जय भीम.

तुझा पाय बरा असेल. इकडे पाऊस अजून आहे, भात लोंबीत आलं आहे. एक गोष्ट तुलाच सांगतो, पोरांना कळवू नकोस. काल वाटीवरचा स्क्रू ढिला सापडला. मी ढिला केला नाही. सकाळी पाणी काढून मी दोन्ही बंद केले होते. घरातलंच कोणीतरी माझ्या इंजिनाला हात लावतं. कोण ते तू ओळख, तुला इंजिनातलं कळतं.

तुझा,
रत्नू

---

रेवदंडा
२३ ऑक्टोबर २०२४

चि. मैत्री,
जय भीम.

बाळ, हे पत्र बसून वाच.

रत्नूने मला गेल्या महिन्यात एक पत्र लिहिलं होतं. घरातलं कोणीतरी स्क्रू ढिला करतं, असं. त्याच्या शब्दावर मी दीपेशला चोर ठरवलं आणि तुला त्याच्यावर सोडलं. परवा रत्नूचं दुसरं पत्र आलं. वाचताना वाटलं, हे आपण कुठेतरी वाचलं आहे. जुनं काढून शेजारी ठेवलं. तेच पत्र. तोच पाऊस, तेच लोंबीतलं भात. इथे पाऊस थांबला, लोक कापणीला लागले, तुमच्याकडेही लागले असतील. त्याच्या पत्रात मात्र अजून पाऊस पडतो आहे.

मग तुझी सगळी पत्रं काढली. पत्राचं हे एक बरं, पुन्हा वाचता येतं. शेजारी बसून बदललेली नळी संध्याकाळी त्याला नवी वाटली. चहानंतर तो पुन्हा पाणी काढतो. तू लिहिलंस काळजी घेतो म्हणून, मीही तेच वाचलं. पोरी, तो काळजी म्हणून पुन्हा काढत नाही. काढलं हे त्याला आठवत नाही. वरचा स्क्रू उघडतो, तोटी उघडतो, पाणी सोडतो, तोटी बंद करतो. तेवढ्यात कोणी हाक मारली की वरचा तसाच राहतो. तो विहारात गेला त्या दिवशी इंजिन का चाललं, ते आता तुलाही कळेल. तो खोटं बोलत नाही. त्याच्या लेखी तो बंद केलेलाच आहे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. जन्म इंजिनांत गेला माझा, आणि माझ्या पाठच्या भावाची फट मला दिसली नाही. मी खूप रडलो. पूनमने विचारलं, पाय दुखतो का? मी हो म्हणालो.

आधी त्याला डॉक्टरकडे ने. अलिबागला मोठा डॉक्टर आहे, पूनम वेळ घेऊन ठेवेल. औषधाने किती फरक पडेल ते मला माहीत नाही, पण दाखवायला उशीर नको. दीपेशला मी वेगळं पत्र लिहिलं आहे. चूक माझी आहे असं त्यात लिहिलं आहे, तरी तूही त्याच्याकडे जा.

आता इंजिनाचं ऐक. रत्नूच्या हातातला पाना काढून घेऊ नका. त्या स्क्रूवर वेल्डिंगचा डाग मारून तो कायमचा बंद करता येईल, मिस्त्री तेच सांगेल. तसं करायचं नाही. उद्या त्याचा हात तिथे गेला आणि स्क्रू फिरला नाही, तर तो हात कुठे नेणार?

त्याऐवजी टाकी वर चढवा. भिंतीला टेकूचा लोखंडी घोडा ठोका आणि टाकी इंजिनाच्या वर बसवा. रात्री बंद करायला तिला एक तोटी ठेवा. मग डिझेल ओढावं लागणार नाही, आपल्या वजनाने खाली येईल. स्क्रू ढिला राहिला तर हवा आत जाणार नाही, डिझेल बाहेर येईल. खाली एक परात ठेवा. लबाड फट प्रामाणिक होईल. त्याचा स्क्रू उघडा राहिला तर थेंब पडेल, आणि तो स्वतः बघून बंद करेल. कोणी त्याला सांगायला नको, कोणी त्याच्यावर ओरडायला नको. इंजिनही बंद पडणार नाही.

त्याला विसरू दे. फक्त विसरलेलं त्याला दिसू दे.

महिपत काका

---

केळवाडी
६ नोव्हेंबर २०२४

आदरणीय काका,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र मी गिरणीच्या मागे बसून वाचलं. मग हरिहरेश्वरला गेले. दादा समुद्राकडे तोंड करून गाडी पुसत होता. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, 'काकाचं पत्र आलं मला. बाबांना कधीपासून असं होतंय?' मी म्हटलं, मला माहीत नाही रे, मी रोज बघत होते तरी मला दिसलं नाही. मग आम्ही दोघं तिथेच रडलो, आणि येताना त्याने गाडीत मला एवढ्या शिव्या घातल्या की बरं वाटलं.

घोडा त्यानेच बनवला. स्वतः मोजून, वेल्डिंग करून आणला. मोटरचं नाव काढलं नाही. बाबा खाली उभे राहून सांगत होते, 'अजून वर घे, इंजिनाला मान वर करायला लागू दे.' टाकी का चढवतो आहोत ते आम्ही सांगितलं नाही. दादा म्हणाला, काकाची ऑर्डर आहे. बाबा म्हणाले, 'मग व्हय.'

अलिबागला जाऊन आलो. डॉक्टरांनी बाबांशी खूप वेळ गप्पा मारल्या, डोक्याची तपासणी लिहून दिली. विसरण्याचाच आजार आहे, हळूहळू वाढेल, असं म्हणाले. गोळ्या सुरू केल्या आहेत. सवयीची कामं हातून काढून घेऊ नका, असं त्यांनीही सांगितलं. तुमची फी तुम्ही कधी घेणार?

दिवाळीत नवं भात आलं. पहिलं बोचकं ठमीआजीचंच. बाबांनी पाणी काढलं, आजीशी बोलायला वळले आणि स्क्रू उघडाच राहिला. मी आणि दादा दाराशी उभे होतो. माझा पाय पुढे गेला, दादाने हात धरला. परातीत थेंब पडला. मग दुसरा. बाबांनी वाकून पाहिलं. बोटाने पुसलं, वास घेतला. स्क्रूवर हात ठेवला आणि तसेच थांबले. मग त्यांनी तो घट्ट बंद केला, पाना खिशात घातला आणि इंजिन सुरू केलं. दिवसभर बंद पडलं नाही.

संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे कागद मागितला. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. पाकिटावर त्यांनी तुमचं नाव वाकडंतिकडं घातलं, तेवढं मी नीट केलं.

तुमची,
मैत्री

---

केळवाडी

ति. दादास,
रत्नपालचा जय भीम.

तुझा पाय बरा असेल. इकडे पाऊस अजून आहे, असं लिहायला घेतलं होतं, पण आता बाहेर बघितलं तर ऊन आहे. भात घरात आलं.

एक गोष्ट तुलाच सांगतो. आज वाटीवरचा स्क्रू ढिला सापडला. मी ढिला केला नाही, असं लिहिणार होतो. पण डिझेल माझ्याच बोटाला लागलं, आणि पाना माझ्याच हातात होता. घरातलं कोणीतरी माझ्या इंजिनाला हात लावतं ते मीच आहे, दादा. पोरं दाराशी उभी होती. त्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

मला भीती वाटते. हे पोरांना कळवू नकोस.

हे मी तुला आधी लिहिलं होतं का, ते मला सांगता येत नाही. लिहिलं असेल तर हसू नकोस. आणि हेच पत्र पुन्हा आलं, तर तू उत्तरही पुन्हा लिही.

तुझा,
रत्नू